चार तास, सात बाकं

केळं घेऊन तो माझ्या समोरून गेला. एवढंच झालं. सकाळचे साडेआठ, मी टेबलाशी बसलेली, पाठीला उशी, पुढ्यात चहा. ढब्बूनं टोपलीतून केळं उचललं, सोलता येईना म्हणून देठ दातांनी चावून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि निघाला. मी हात पुढे केला. हात अगदी त्याच्या वाटेत होता, इतका की त्याला वाकावं लागलं. आणि तो वाकला, माझ्या हाताखालून गेला, गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या जाऊबाईंसमोर जाऊन उभा राहिला. "मोठीआई, सोल." एका हातात ओला टॉवेल तसाच धरून त्यांनी ते सोलून दिलं. माझा हात टेबलाच्या कडेवर तसाच पुढे आलेला. चार वर्षांच्या पोरानं केळं दुसऱ्याकडून सोलून घेतलं म्हणून कुणावर आभाळ कोसळतं का? माझ्यावर कोसळलं. हात मागे घेऊन मी चहाचा कप उचलला, त्याला तरी माझी गरज आहे असं समजून, आणि चहा गार होता. मला माझाच राग आला. राग आला की मला बरं वाटतं, पहिल्यापासूनच. गेले आठ महिने मला राग आलाच नव्हता, नुसतं दुखत होतं.

आठ महिने. मणक्यातली चकती सरकली, मग ऑपरेशन, मग पलंग. पलंग पुढच्या खोलीत, दाराकडे पाय करून. तिथून मी घर नुसतं ऐकत होते. नळ कोणी सोडला, फ्रिज कोणी उघडला, मोठी पोरगी गृहपाठाला बसलीय की नुसतीच पेन्सिल आपटतेय, सगळं मला आवाजावरून कळायचं. जाऊबाई खालच्या मजल्यावर राहतात. त्यांची मुलं शिकायला बाहेरगावी, म्हणून त्या वर आल्या आणि त्यांनी घर उचललं. खरंच उचललं, मी खोटं बोलणार नाही. त्यांच्या चपलांचा चट्‌चट् आवाज दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. पोरांना पहिल्याच दिवशी बजावलं गेलं, आईला हात लावायचा नाही, आईची पाठ दुखते. ढब्बू तेव्हा तीन वर्षांचा. तो पलंगापासून एक फूट लांब उभा राहायचा, पाठीमागे हात बांधून, दुकानात महागाच्या वस्तूसमोर उभं करावं तसा. आणि काही मागायला लागला की मीच म्हणायचे, डोळे न उघडता, "मोठीआईला सांग." दिवसातून वीस वेळा तरी. पाणी? मोठीआईला सांग. चेंडू पलंगाखाली गेला? मोठीआईला सांग. पोर शहाणं, शिकलं. आता मी उठून बसले, चालू लागले, अर्धा दिवस कामावरही जायला लागले, तरी तो बापडा शिकवलेलं विसरायला तयार नाही. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच, आणि तो धोंडाही मीच रोज पलंगावर पडल्या पडल्या नेम धरून टाकत होते.

तेवढ्यात जाऊबाई आत आल्या, हात पुसत. "शनिवारी मी या दोघांना त्या नवीन थीम पार्कमध्ये नेते गं. सकाळी जाऊ, रात्रीपर्यंत येऊ. आत गेलोय तर सगळं बघून घ्यायचं. तू निवांत पड." पोरं नाचायलाच लागली. मोठी पोरगी सहा वर्षांची; घरात सगळ्यांच्या चुका काढते म्हणून तिला आम्ही मास्तरीण म्हणतो. तीही टेबलाभोवती उड्या मारत होती आणि दोघांपैकी एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणजे, आई, जाऊ का, असं विचारायला म्हणून मान वळवतात ना, तशी ती मान वळलीच नाही. घरात विचारायची जागा मी राहिले नव्हते. आणि माझ्या तोंडून निघालं, "मी नेणार."

नवरा कपाटासमोर पट्टा लावत होता, तो तसाच वळला. "कुठे?"

"पार्कमध्ये. पोरांना. शनिवारी."

"अगं, तुला वीस मिनिटांच्या वर उभं राहायचं नाही. डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांनी चार तास बाहेर जायला सांगितलंय. वीस मिनिटं उभं, दहा मिनिटं बसायचं, काही उचलायचं नाही. पाठ आहे मला सगळं."

"चार तासांत काय बघून होणार तिथे?" जाऊबाई हसल्या, वाईट हसल्या नाहीत, लहान मुलाला हसतात तशा. शनिवारी नवऱ्याला दुकान होतं, चष्म्यांच्या दुकानात शनिवारी मरायलाही फुरसत नसते. शेवटी तह झाला. नेणार मी, बेत माझा, वेळ माझी. वहिनी, म्हणजे याच जाऊबाई, सोबत येणार आणि मला काही झालं तर पोरांना ताब्यात घेणार. ताब्यात, हा शब्द नवऱ्याचा. मी मान डोलावली. मला त्या चार तासांतून एवढंच हवं होतं की एकदा, फक्त एकदाच, मोठीआई शेजारी उभी असताना दोघांपैकी कुणीतरी काहीतरी मागायला माझ्याकडे यावं. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे का ते? बाई चाळिशीला आली आणि पोरांनी आपल्याकडे केळं सोलायला द्यावं म्हणून मोहीम काढतेय.

पण मोहीम म्हणजे मोहीमच. मी शहराच्या बससेवेत वेळापत्रकं बनवते. त्याआधी सहा वर्षं बसमध्ये कंडक्टर होते, मग परीक्षा दिली आणि टेबलाशी आले. कुठली बस कुठून किती वाजता सुटेल, शेवटच्या स्टॉपवर किती मिनिटं थांबेल, ड्रायव्हर कुठे बदलेल, ते सगळं माझ्या हातचं. नवी होते तेव्हा मी एका मार्गाचं असं सुरेख वेळापत्रक केलं होतं, एक मिनिट वाया नाही, की साहेबांनी ते फळ्यावर लावलं. दुसऱ्या दिवशी त्या मार्गावरचा जुना ड्रायव्हर माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला, म्हणाला, "बाई, तुमच्या कागदावरच्या माणसाला तहान लागत नाही वाटतं." उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी प्रत्येक फेरीच्या शेवटी सहा मिनिटं मोकळी ठेवते. साहेब ती कापायला बघतात, मी कापू देत नाही. यावरून आमची दर महिन्याला जुंपते. तर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी पार्कचा नकाशा छापला, दोन कागद चिकटपट्टीनं जोडले, आणि मार्गाची लांबी काढायला आम्ही वापरतो तो शिवणाचा दोरा घेऊन नकाशावर फिरवायला लागले. आठ महिन्यांनी पहिल्यांदा डोक्यातलं यंत्र फिरायला लागल्याचं मला ऐकू आलं. दारातून आत शिरलं की उजवीकडे आकाशपाळणा, आणि सगळं जग आधी तिथेच रांग लावणार. कुठल्याही बसमध्ये माणसं दाराशीच तर गर्दी करतात, आत जागा असते. म्हणून आपण उलट करायचं. आत शिरल्याबरोबर पार्कातली छोटी आगगाडी पकडायची, थेट शेवटच्या टोकाला जायचं, तिथल्या घसरगुंड्या रिकाम्या असताना उरकायच्या, मग तळं, होड्या, घोड्यांचं चक्र, असं करत करत दाराकडे यायचं. पाय दमत जातील तसं दार जवळ येईल. वीस वीस मिनिटांवर बाक हवं. नकाशावर बाकांच्या खुणा होत्या, त्यांतली सात निवडली, सावली कुठल्या बाजूला पडेल तेही पाहिलं. शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस वाकून म्हणाला, "नवीन मार्ग का?" मी म्हटलं, "हो. एकच फेरी आहे, पण प्रवासी फार मोठे आहेत."

बुधवारी संध्याकाळी रंगीत तालीम. इमारतीच्या आवारात दोघांना घेऊन गेले, मास्तरणीच्या मनगटावर माझं घड्याळ बांधलं. माझ्या एका पावलात ढब्बूची अडीच पावलं. दोन फेऱ्या तो नीट चालला, तिसऱ्या फेरीत मुंग्या बघायला बसला, चौथीत म्हणाला पाय संपले. मास्तरणीनं घड्याळ पाहिलं, "एकोणीस मिनिटं." मी तिथल्या तिथे, आवारातल्या कट्ट्यावर, हसत सुटले. एकोणीस! म्हणजे वीस मिनिटं ही नुसती माझ्या पाठीची अट नव्हती, ती ढब्बूच्या पायांचीही अट होती. सोमवारी मी बाकं शोधली ती स्वतःसाठी, लाजत लाजत, आणि तो आराखडा चार वर्षांच्या माणसाच्या मापाचा निघाला. धडधाकट होते तेव्हा मी याला कुठेही नेलं की ओढत न्यायचे. चल, चल, लवकर, सुट्टी संपेल. दोन वर्षांपूर्वीच्या समुद्रावर मास्तरीण भर वाळूत भोकाड पसरून बसली होती आणि मी तिला काखेत मारून पुढचं बघायला नेलं होतं. पुढे काय होतं ते आता आठवतही नाही, तिचे हवेत झाडलेले पाय तेवढे आठवतात. माझी पाठ मोडली नसती तर मला हे कधी कळलं असतं की नाही, देव जाणे. तेव्हा कळलं याचा मात्र मला असा आनंद झाला की मी त्या कट्ट्यावर दहा मिनिटं बसून राहिले. तालमीत दहाच लिहिली होती.

शनिवारी बरोबर दहाला आम्ही दारातून आत. ऊन कोवळं, पिशवीत पाणी, केळी, ब्रेड, एक एक जोड कपडे; पिशवी वहिनींच्या खांद्यावर, कारण मला उचलायचं नाही. माझ्या हातात फक्त कागद. आगगाडीची पहिली फेरी दहा वाजून दहा मिनिटांनी, पुढे दर वीस मिनिटांनी. आम्ही पाच मिनिटं आधीच फलाटावर. गाडी उभी, लाल रंगाची, सहा डबे, सगळे रिकामे. दहा-दहा झाले. दहा-पंधरा. ड्रायव्हर, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ, सावलीत खुर्ची टाकून बसला होता. मी विचारलं तर म्हणाला, "तीस माणसं झाल्याशिवाय सुटत नाही, बाई. अकरा वाजतील."

"अहो, पण दहा-दहाची फेरी लिहिलीय. छापलेलं आहे."

"छापतात," तो म्हणाला, "कुणीतरी ऑफिसात बसून लिहितं, त्याचं काय जातंय?"

तोंडात मारल्यासारखं झालं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. वीस वर्षं मी या धंद्यात. छापलेली वेळ आणि सुटायची वेळ यांत किती अंतर असतं ते माझ्याएवढं कुणाला ठाऊक? आणि मीच दुसऱ्याच्या छापील कागदावर गाडा बांधून आले होते. चालत जावं तर शेवटचं टोक पस्तीस मिनिटांवर, म्हणजे माझी पाठ आणि ढब्बूचे पाय दोन्ही वाटेतच संपणार. अकरापर्यंत थांबावं तर चारातला एक तास इथेच गेला. ढब्बूनं रिकाम्या गाडीकडे पाहिलं, मग वर पाहिलं, वहिनींकडे. "मोठीआई, ही का जात नाही?" वहिनी मला म्हणाल्या, हळूच, "अगं, राहू दे. आपण आकाशपाळण्यालाच लागू या रांगेत. तू बस इथे, मी दोघांना घेऊन जाते." त्या प्रेमानंच म्हणाल्या. बस इथे, मी घेऊन जाते. माझ्या कानात चट्‌चट् चपला वाजायला लागल्या, पुढच्या खोलीचं छत दिसायला लागलं, आणि पोटातून तो जुना, ओळखीचा, झकास राग वर आला.

मी गाडीच्या पहिल्या डब्याच्या पायरीवर चढले, दांडा धरला. समोर आकाशपाळण्याची रांग, दोनशे माणसं, कंटाळलेली पोरं, वैतागलेले बाप. आठ महिने मी पुटपुटण्यापलीकडे बोलले नव्हते. आवाज आहे की गेला हेही माहीत नव्हतं. तो होता. "शेवटचं टोक! शेवटचं टोक! घसरगुंड्या, तळं, होड्या! रांग नाही, बिंग नाही, चला, चला, जागा आहे आत! ओ ताई, त्या बाळाला किती वेळ उन्हात धरणार, या इकडे! आजोबा, बसून जायचं, बसून! पुढे सरका, मागच्यांना चढू द्या, सुटतेय, सुटतेय!" रांगेतली पहिली तोंडं वळली, मग एक बाई दोन पोरांना घेऊन पळत आली, मग तिच्या मागून अख्खं एक कुटुंब, आणि मग असं होतं ना, की एकजण धावला की बाकीच्यांना वाटतं आपलं काहीतरी हुकतंय, तसं झालं. पाच मिनिटांत गाडी भरली. अठ्ठेचाळीस मोजली मी, सवयीनं, हनुवटीनं. ड्रायव्हर टोपी चढवत आला, माझ्याकडे बघत म्हणाला, "कुठल्या डेपोच्या?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"असं ओरडायला कॉलेजात शिकवत नाहीत," तो म्हणाला आणि त्यानं शिट्टी दिली. माझ्या मागच्या बाकड्यावर मास्तरीण एका अनोळखी बाईला सांगत होती, "ती ओरडत होती ना, ती माझी आई आहे." मूठभर मांस चढलं अंगावर. डॉक्टरांनी वजन वाढवायचं नाही म्हणून सांगितलंय, पण हे चालत असावं.

शेवटच्या टोकाच्या घसरगुंड्या खरंच रिकाम्या होत्या. पोरं घसरली, पुन्हा चढली, पुन्हा घसरली. मी पहिल्या बाकावर बसून बघत होते, मग चालले, मग दुसऱ्या. दहा मिनिटं म्हणजे दहा. पहिल्या बाकावर वहिनी बसल्याच नाहीत, उभ्या राहून लांबचे खेळ मोजत होत्या, ते राहिलं, हे राहिलं. दुसऱ्यावर टेकल्या. तिसऱ्यावर त्यांनी चपला काढल्या, पाय लांब केले आणि गुडघ्यावर हात फिरवत म्हणाल्या, "बरं केलंस गं बाकं मोजलीस ती. माझे गुडघे काही दिवसभर टिकले नसते." पोरं समोर गवतावर ब्रेडचे तुकडे करत होती. मग त्या आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आठ महिन्यांत अशी बसलेच नाही कुठे." त्यांच्या चपलांचा आवाज मी आठ महिने ऐकला होता. तो दर वेळी चालण्याचाच होता, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. इतकं घर ऐकलं मी, आणि ही बाई बसल्याचा आवाज एकदाही आला नाही हे ऐकलं नाही. मी म्हटलं, "वहिनी, आज अजून चार बाकं आहेत." त्या हसल्या, या वेळी माझ्याबरोबर. मी त्यांचा हात धरला, थोडा वेळ धरून ठेवला, आणि मग पोरांसमोर अवघडल्यासारखं झालं म्हणून दोघींनी सोडला.

होड्यांची रांग मात्र होती. हंसाच्या आकाराच्या होड्या, एकीत चौघं. मी हिशेब केला, पंधरा मिनिटं उभं राहावं लागेल, पुढचं बाक तळ्याच्या पलीकडच्या काठाला, बसतंय. लोखंडी कठड्यांमधून आम्ही पावलापावलानं सरकत होतो, पुढे मी आणि मास्तरीण, मागे वहिनी, ढब्बूचं बोट वहिनींच्या हातात. अकरा मिनिटं झाली, पाठीत बारीक कळ सुरू झाली. बारावं मिनिट, तेरावं. आमच्या पुढे एकच कुटुंब उरलं. मास्तरणीनं आमची होडी ठरवूनही टाकली होती, निळ्या चोचीची. मनात सगळं जुळत आल्याची ती गोड धडधड, वेळापत्रक खरं ठरतंय, एक मिनिट इकडे नाही तिकडे नाही, आणि तेवढ्यात माझ्या गुडघ्यापाशी काहीतरी धडकलं. ढब्बू. वहिनींचा हात सोडून, मास्तरणीला ढकलून, कठड्याला घासत तो पुढे आला होता. दोन्ही पाय एकमेकांत आवळलेले, चेहरा लालबुंद.

"आई, शू."

मी ऐकलं, तरी मला वाटलं मी ऐकलं नाही. वहिनीही मागून पुढे झाल्या, "चल, चल, मी नेते, तुम्ही दोघी होडी पकडा." त्यांचा हात पुढे आला. ढब्बूनं मान जोरात हलवली आणि माझा कुर्ता मुठीत धरला. "नको. आईच."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललं, मग त्याच म्हणाल्या, "जा जा, बघतेस काय? होईल त्याला इथेच!" मास्तरीण ओरडली, "आई, आपला नंबर!" आणि मी त्या पोराचा हात धरून उलट्या दिशेनं निघाले, पंधरा मिनिटांची रांग चिरत, माफ करा, जरा वाट द्या, माफ करा; आमच्या मागे उभ्या राहिलेल्या एकेकाला ओलांडून. दोनशे पावलांवर बायकांचं स्वच्छतागृह. माझी वीस मिनिटं रांगेच्या टोकाशीच संपली होती. कळ आता कमरेपर्यंत उतरली होती, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की वाटेतल्या प्रत्येक माणसाला थांबवून सांगावं, याला शू लागलीय, आणि यानं मला सांगितलं.

आत आलो. चड्डीचं बटण मी सोडवलं, अगदी वेळेत सुटलं. ढब्बू आत गेला, दार अर्धं लोटलं, मग डोकं बाहेर काढून म्हणाला, "तू तिकडे तोंड कर. पण जायचं नाही." मी भिंतीकडे तोंड केलं. पांढऱ्या फरशा, एकीला तडा, साबणाचा वास. उभं राहायला नको होतं, बसायला जागा नव्हती. बाहेरून मास्तरणीचा आवाज आला, ती दारापर्यंत पळत आली असावी, "आई, पुढचे गेले, आता आपली होडी आली, मोठीआई विचारतेय काय करू?" मी म्हटलं, "मोठीआईला म्हणावं, तुम्ही दोघी बसा, मजा करा!" आठ महिने मी ज्या पोराला ऐकत होते तो त्या अर्ध्या दारामागे होता, आणि काहीच होत नव्हतं. एवढी घाई करून आला आणि आता बसलाय विचार करत.

"आई, आहेस ना?"

"आहे."

मी फरशीच्या तड्यावरून बोट फिरवलं.

"आहेस ना?"

"आहे रे बाबा, इथेच आहे," मी भिंतीला सांगितलं, आणि डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं तरी पुसलं नाही. "तू सावकाश होऊ दे. आपल्याला कुठे घाई आहे?"